मावशीच्या गुडघ्याविषयी नसलेलं पत्र

तीर्थरूप मावशीच्या पायांशी,

शिरसाष्टांग नमस्कार. (आठही अंगं रीतसर वाकली आहेत, दात तेवढे सोडून. ते सध्या तारेने बांधलेले आहेत आणि डॉक्टरबाईंच्या परवानगीशिवाय कुणापुढेही वाकणार नाहीत.) तुझी तब्येत कशी आहे? काकांचा खोकला कमी झाला का? इकडे आम्ही सगळे मजेत आहोत. ‘सगळे’ म्हणजे ही मजेत आहे आणि मी तिच्या मजेचा विषय आहे.

तुझं कार्ड मिळालं. उजवा गुडघा दुखतोय म्हणून यायला जमणार नाही, असं लिहिलंयस. त्याच दिवशी काकांशी फोनवर बोललो (हल्ली फोन नेहमी काकाच घेतात, तू लांबूनच हूं-हूं करतेस) तर ते म्हणाले डावा. मी म्हटलं, कार्डावर उजवा आहे. मग ते आत जाऊन कुणाला तरी काहीतरी विचारून आले आणि म्हणाले, दोन्ही. मावशी, दोन्ही गुडघे दुखत असतील तर प्रश्नच मिटला, आग्रह करण्यात अर्थ नाही. आमच्या मुख्याध्यापिकाबाई मात्र रडकुंडीला आल्या आहेत. शाळेला पन्नास वर्षं झाली, त्यानिमित्तच्या क्रीडास्पर्धेत पहिली शर्यत शाळेच्या पहिल्या खेळाच्या बाईंनी, म्हणजे तू, शिट्टी फुंकून सुरू करायची, असं त्यांनी छापून घेतलंय, आणि स्पर्धेला आता बरोबर वीस दिवस उरलेत. तुझं नाव काढलं तर पत्रिकेवर ती जागा रिकामी कशी ठेवायची, म्हणून त्या तिथे कुंडीचं चित्र छापायचा विचार करतायत. पण ते असो. हे पत्र त्याबद्दल नाही. गुडघ्याबद्दल तर मुळीच नाही. हे पत्र माझ्या दातांबद्दल आहे.

एकोणपन्नासाव्या वर्षी दातांना तारा लावून घेणारा आपल्या घराण्यातला मी पहिलाच. हिला वाटतं मला तरुणपणाचे झटके येतायत. तसं काही नाही. झालं असं, की हिरड्या सुजल्या म्हणून मी आमच्या गल्लीच्या टोकाला नवीन दवाखाना निघालाय तिथे गेलो, तर आत खुर्चीशेजारी माझीच जुनी विद्यार्थिनी. रोज प्रार्थनेला उशिरा यायची म्हणून तिला मी आयुष्यात मैदानाच्या दीडएकशे फेऱ्या तरी मारायला लावल्या असतील. ‘सर, तोंड उघडा,’ असं ती ज्या चवीने म्हणाली ना, त्यावरूनच मी ओळखलं की सगळ्या फेऱ्यांचा हिशेब तिच्या ध्यानात आहे. खालचे दात एकमेकांच्या अंगावर चढून बसलेत, मध्ये ब्रश पोचत नाही, हिरड्या खंगतायत, असंच चाललं तर पंचावन्नपर्यंत समोरचे दात हलायला लागतील, असं तिने शांतपणे सांगितलं. मी म्हटलं, हलू देत. तेव्हा ती म्हणाली, ‘शिट्टी धरायला दात लागतात, सर.’

मी तिथल्या तिथे तारांना होकार दिला. तुला माहीतच आहे, माझ्या वरच्या दोन दातांमधली फट. पाचवीत असताना पोरं मला ‘फाटक’ म्हणायची, मी मधल्या सुट्टीत तोंड मिटून नळापाशी उभा राहायचो. तू एक दिवस तुझी पितळी शिट्टी माझ्या तोंडात घातलीस, ती त्या फटीत अशी घट्ट बसली की हात सोडले तरी पडेना, आणि तू सगळ्या वर्गासमोर म्हणालीस, ही फट शिट्टीच्या मापाने घडवलेली आहे, तुमच्यापैकी आहे का कुणाकडे? त्या दिवसापासून पोरं माझ्याकडे फट बघायला रांग लावायची. पुढे तू निवृत्त झालीस, तीच शिट्टी माझ्या गळ्यात घातलीस, त्यालाही चोवीस वर्षं झाली. डॉक्टरबाईंना मी आधीच बजावलं, बाकीचे दात काय सरळ करायचे ते कर, पण वरच्या फटीला हात लावायचा नाही. त्यांनी ते कागदावर लिहूनसुद्धा घेतलं.

तर तारा बसल्या. म्हणजे प्रत्येक दातावर एक बारीक धातूची टिकली चिकटवतात आणि त्या सगळ्या टिकल्यांमधून एकच तार ओवतात. (ही म्हणते, तोंड उघडल्यावर मी शाळेच्या कुंपणासारखा दिसतो.) सोबत सूचनांचा एक कागद दिला. कडक खाऊ नये, चिकट खाऊ नये, नखं, पेन्सिली आणि बाटल्यांची झाकणं यांना दात लावू नयेत, खेळताना तोंडात रबराचं माउथगार्ड घालावं. तार टोचायला लागली तर तिच्या टोकावर मेणाची गोळी दाबून बसवावी, टिकली सुटून तारेवरच लोंबत असेल तर लोंबू द्यावी, हातात आली तर डबीत जपून ठेवावी, आणि दोन्ही वेळेला फोन करावा. शेवटची ओळ होती, ‘घरच्या घरी दुरुस्ती करू नये.’ तिच्याखाली तीन रेघा.

मावशी, आता तूच सांग, मी वाढलो कुणाच्या घरात? काकांच्या. आणि काकांच्या घरातली वस्तू दुरुस्तीला घराबाहेर गेली की घराचं नाक गेलं. किल्ल्या घासणाऱ्या माणसाच्या घरात कानस आहे, पक्कड आहे, हात आहेत, मग परका माणूस कशाला, हे ऐकतच मी मोठा झालो. आपला रेडिओ तिरका धरल्याशिवाय बातम्या सांगायचा नाही. आपल्या छत्रीत सायकलचा आरा होता. भिंतीवरचं घड्याळ काकांनी दुरुस्त केल्यापासून उलटं फिरायला लागलं, तर काकांनी समोर आरसा लावला आणि आरशात बघून वेळ सांगायची पद्धत पाडली. दहावीपर्यंत मला वाटायचं की सगळ्यांच्याच घरी घड्याळासमोर आरसा असतो. परीक्षेच्या हॉलमध्ये आरसा दिसला नाही तेव्हा मी पर्यवेक्षकांना विचारलं होतं, तुला आठवत असेल, तुला शाळेत बोलावलं होतं. तेव्हा ती तीन रेघांची ओळ मी वाचली, पण ती इतर घराण्यांतल्या पेशंटांसाठी आहे असं धरून चाललो.

पहिलं संकट चौथ्या दिवशी आलं. शिक्षकांच्या खोलीत माझ्या टेबलाच्या खणात तासाला जप्त केलेल्या टॉफ्या असतात, हे तुला सांगायला नको, तो खण तुझाच. मुलांसमोर आदर्श म्हणून मी त्या खात नाही, कुणी नसताना खातो. तर एक टॉफी चावली, ती इतकी चिवट निघाली की वरचा जबडा वर राहिला, खालचा खाली गेला आणि मधोमध टॉफीत रुतून वरची एक टिकली बाहेर आली. डबीत ठेवायची, फोन करायचा. मी काय केलं? काकांनी सढळ हाताने दिलेली चिकट द्रव्याची एक नळी माझ्याकडे होतीच (बूट, कपबशी, चष्मा, काहीही चिकटतं, इति काका), तिने टिकली जागेवर चिकटवली. चिकटली उत्तम. फक्त तिच्याबरोबर वरचा ओठही चिकटला, तोही वर उचललेल्या स्थितीत.

त्या अवस्थेत मी प्रार्थनेला उभा राहिलो. चोवीस वर्षांत शाळेने माझे दात पाहिले नव्हते. मी हसतोय असं समजून पहिलीची दोन मुलं रडायला लागली. सातवीने तर परस्पर ठरवलं की आज सुट्टी आहे आणि दप्तरं उचलून फाटकाकडे निघाली. मी ओरडायला गेलो, पण वरचा ओठ जागेवर नसला की माणसाला ‘प’ आणि ‘ब’ म्हणता येत नाहीत, आणि मावशी, त्या दोन अक्षरांवाचून शिस्त लावताच येत नाही. ना ‘बसा’, ना ‘परत या’. मी नुसता ‘असा! असा!’ करत होतो आणि मुलं विचारत होती, कसा, सर? मुख्याध्यापिकाबाईंनी मला बाजूला घेऊन हळूच विचारलं, घरी काही आनंदाची बातमी आहे का. डॉक्टरबाईंनी अर्ध्या तासात ओठ सोडवला, हिरडीवर औषध लावलं आणि तो कागद पुन्हा एकदा हातात दिला. या वेळी शेवटच्या ओळीखाली पाच रेघा होत्या.

दुसरं संकट तारेचं. महिनाभराने दात थोडे सरकले (म्हणजे उपाय लागू पडत होता, ही आनंदाचीच गोष्ट) आणि त्यामुळे मागच्या दाढेपाशी तारेचं टोक बाहेर येऊन गालात टोचायला लागलं. मेणाची डबी कपाटात होती. वाटाण्याएवढं मेण चिमटीत मऊ करून टोकावर दाबायचं, झालं, दोन मिनिटांचं काम. पण मी तुझा भाचा असलो तरी काकांचा चेला आहे. मी काकांना फोन लावला. काकांना इतका आनंद मी गेल्या कित्येक वर्षांत झालेला ऐकला नव्हता. तार किती जाडीची, पोलादी की कशाची, टोक वर वळलंय की आत, सगळं त्यांनी विचारून घेतलं आणि म्हणाले, घाबरू नकोस, नखं कापायचं नेलकटर घे आणि टोक उडव, तोंडातल्या कामावर माझा हात बसलाय. (तोंडातल्या कामावर हात कधी आणि कुणाच्या तोंडात बसला, हे मी तेव्हा विचारलं नाही. विचारायला हवं होतं.)

मी टोक उडवलं. उडालं. पण कुठे गेलं ते कळेना. जमिनीवर नाही, बेसिनमध्ये नाही. ही म्हणाली, गिळलंस. मी म्हटलं, मला कळलं असतं. ती म्हणाली, तुला काय काय कळत नाही याची यादी माझ्याकडे आहे. पुन्हा काकांना फोन. काका म्हणाले, सोपं आहे, कपाटाच्या दाराचं लोहचुंबक काढ आणि पोटावरून फिरव, जिथे ओढ लागेल तिथे तार. मावशी, मी सुशिक्षित माणूस आहे. मी लोहचुंबक फिरवलं. बेंबीच्या खाली जोरात ओढ लागली. हिने किंचाळून रिक्षा बोलावली, आणि रिक्षा दारात आल्यावर लक्षात आलं की ती पट्ट्याची बक्कल होती. तारेचा तुकडा मग हिच्या लोकरीच्या स्वेटरच्या बाहीत सापडला, चार दिवसांनी, तोही तिच्या कोपराला. (तेव्हापासून ही मला कोपरानेच हाक मारते.) डॉक्टरबाईंना फोन करून सांगितलं, तर त्यांनी कागदाचं नावच काढलं नाही. म्हणाल्या, आता रेघा मारायला जागा उरलेली नाही. शिवाय नेलकटरने तार सरळ तुटत नाही, टोकाला आकडा राहतो, लगेच येऊन दाखवा, असं म्हणाल्या. मी दुसऱ्या दिवशी जाणार होतो. दुसऱ्या दिवशी सहावी विरुद्ध सातवी सामना होता.

आणि आता तिसरं संकट, ज्याच्यामुळे अख्खं गाव मला रस्त्यात थांबून नमस्कार करतं. मैदानावर माउथगार्ड घालायचं असतं, पण ते घातलं की शिट्टी धरता येत नाही, म्हणून मी ते खिशात घातलं होतं (खिशाला आजवर कुठलीही इजा झालेली नाही, त्या अर्थी ते चांगलं आहे). सामना रंगात आला, मी शिट्टी तोंडात धरून पळत होतो, समोरून चेंडू आला आणि थाडकन गालावर बसला. लागलं काही नाही. पण शिट्टी तोंडात आत सरकली आणि तिच्या मागच्या बाजूची कडी त्या नेलकटरने केलेल्या आकड्यात जाऊन अडकली. मी ओढली, निघेना. अजून ओढली, तर डोळ्यांसमोर काजवे चमकले. बरं, त्या दिवशी मला सर्दी, नाक बंद. म्हणजे श्वास तोंडानेच. म्हणजे श्वास सोडला की शिट्टी.

आता तू घालून दिलेली शिस्त अशी की एक शिट्टी म्हणजे पळा, दोन म्हणजे थांबा, तीन म्हणजे रांग. मी एकदा श्वास सोडला, मुलं पळाली. घाबरून दोनदा सोडला, थांबली. पुन्हा एकदा, पळाली. मी जितका घाबरत होतो तितकी मुलं पळत होती आणि ती जितकी पळत होती तितका मी घाबरत होतो. शेवटी मुलं काळीनिळी पडायला लागली तेव्हा मी ठरवलं, दवाखाना गाठायचा. मैदानावरून निघालो. निघताना धाप लागून तीन श्वास एकापाठोपाठ एक सुटले. मागे वळून बघतो तर सहावी आणि सातवी, चौऱ्याऐंशी मुलं, दोन-दोनच्या रांगेत, माझ्या मागे, पावलात पाऊल मिळवून. मी हातवारे करून ‘परत जा’ सांगितलं. मुलांनी तेच हातवारे केले. त्यांना वाटलं कवायत आहे.

रस्त्यावर आम्ही असे चाललो. प्रत्येक शिट्टीला एक सायकलवाला थांबायचा, एक रिक्षा बाजूला व्हायची. चौकात वाहतुकीचा हवालदार होता. त्याने शिट्टी वाजवून माझ्याकडे हात केला. मी श्वास सोडला. त्याला वाटलं मी उलट उत्तर देतोय. त्याने जोरात वाजवली. मी घाबरलो, म्हणजे दोनदा. तो लाल झाला आणि सलग सहा वाजवल्या. मावशी, तुझ्या शिट्टीपुढे त्याची सरकारी शिट्टी म्हणजे नुसती फुसकी, पण माणूस जिद्दी होता. पाच मिनिटं आमची अशी जुगलबंदी चालली, चारही बाजूंची वाहनं ठप्प, मुलं एकदा पळतायत, एकदा थांबतायत, एकदा रांग धरतायत, आणि एका बाईंनी तर गॅलरीतून टाळ्यासुद्धा वाजवल्या. अखेर मी तोंड उघडून बोटाने आतली तार दाखवली. त्याने वाकून पाहिलं, मग स्वतःचा खालचा ओठ ओढून मला आपल्या तारा दाखवल्या आणि रस्ता मोकळा करून दिला. या जगात तारावाल्याचं दुःख तारावाल्यालाच कळतं.

दवाखान्यात डॉक्टरबाई एका आजोबांची दाढ भरत होत्या. दार उघडलं, माझी एक शिट्टी आत गेली. त्या ताडकन उभ्या राहिल्या, हातातलं यंत्र ठेवलं आणि दाराकडे दोन पावलं चक्क पळाल्या, इतकी फेऱ्यांची सवय अंगात मुरलेली. मग शुद्धीवर आल्या. मुलं बाहेरच्या खोलीत रांगेत उभी राहिली, त्यांच्यामागे बसलेले पेशंटही उठून रांगेत उभे राहिले. बाईंनी मला खुर्चीत बसवलं, एक बारीक चिमटा आत घातला, आणि चार सेकंदांत शिट्टी मोकळी. चार सेकंद, मावशी! त्या कामासाठी मी चौऱ्याऐंशी मुलं, एक हवालदार आणि एक चौक वेठीला धरला होता. मग त्यांनी आकडा कापला, नवी तार बसवली, आणि मला समोर बसवून, मी त्यांना ज्या आवाजात सांगायचो त्याच आवाजात सांगितलं. टोचलं तर मेण. सोललं तर कोमट पाण्यात मीठ टाकून चूळ. सुटलं तर डबी. रक्त थांबेना, चेहरा सुजला, तुकडा घशात गेल्यासारखा वाटला, तर थेट दवाखाना, फोनसुद्धा वाटेतून. बाकी घरी काही करायचं नाही, कारण तोंड म्हणजे कुलूप नव्हे.

हे कुलपाचं वाक्य ऐकून मी चमकलो आणि काकांबद्दल सगळं सांगितलं. घड्याळाचा आरसा ऐकताना त्या खूप हसल्या, मीही हसलो. मग त्यांनी सहज विचारलं, या काकांनी अजून कुणाचं तोंड दुरुस्त केलंय? मी हसत हसत उत्तर द्यायला गेलो आणि तुझं फोनवरचं हूं-हूं आठवलं.

असो, पत्र फार लांबलं. काकांना नमस्कार सांग. गुडघ्याला जप. दोन्ही.

तुझा,
तारेवरची कसरत करणारा भाचा

ता. क. शिट्टी माझ्याकडे नाही. डॉक्टरबाईंनी ती जप्त करून खणात टाकली. (खणाचं महत्त्व त्यांना मीच शिकवलं होतं.) तारा निघेपर्यंत मी शिट्टी तोंडात धरायची नाही असा हुकूम आहे. परत मागितली तर म्हणाल्या, ही मोठ्या बाईंची आहे, त्यांच्याच हातात देईन.

दुसरा ता. क. गेल्या गुरुवारी तू गच्चीवर चढून टाकीचं झाकण बसवलंस आणि शिडी स्वतः खांद्यावरून खाली आणलीस, असं काका बोलून गेले. दुखऱ्या गुडघ्यांचं मला फार कौतुक वाटलं.

तिसरा ता. क. दवाखान्यातून घरी आल्यावर मी काकांना फोन केला आणि सरळ विचारलं. आधी म्हणाले, ऐकू येत नाही, वायर खराब आहे. मी म्हटलं, काका, वायर तुम्हीच दुरुस्त केलीय. मग त्यांनी सगळं सांगितलं. तुझी नवी कवळी उजवीकडे टोचत होती. डॉक्टरकडे नेण्याऐवजी त्यांनी किल्लीच्या कानशीने उजवी बाजू घासली. मग डावी उंच लागायला लागली, म्हणून डावी. मग पुन्हा उजवी. डुगडुगणाऱ्या टेबलाचे पाय कापत कापत त्यांनी त्याचा पाट केला होता, तसं. आता ती कवळी तुझ्या तोंडात खुळखुळ्यासारखी वाजते, म्हणून तू फोनवर येत नाहीस, चारचौघांत जेवत नाहीस, आणि कुणी आलं की तोंडावर हात धरून बसतेस. कार्ड आलं त्याच्या आदल्या दिवशी तू शेजारच्या पोरीची प्लास्टिकची शिट्टी घेऊन न्हाणीघरात गेलीस, कडी लावलीस, आणि फुंकलीस. नुसती हवा गेली आणि कवळी बादलीत पडली. काकांनी हे बाहेरून ऐकलं. मावशी, खरं सांगतो, बादलीचं ऐकून मला आधी हसू आलं आणि मग हसल्याची लाज वाटून मी लगेच डॉक्टरबाईंना फोन लावला. तुझी चूक नाही ग. तुझ्या तोंडाचीही नाही.

चौथा ता. क. मंगळवारी सकाळी दहाची वेळ तुझ्या नावाने घेतली आहे. (दहा सरळ घड्याळातले. आरशात बघू नका, मागच्या वेळी गाडी चुकली होती.) डॉक्टरबाई म्हणतात, पंधरा दिवसांत नवी कवळी घट्ट बसवून देते, जुनी फेकू नका, तीही आणा, कॉलेजात शिकवायला दाखवायची आहे. काका तयार आहेत. घरातली वस्तू दुरुस्तीला बाहेर जाण्याची ही पहिलीच वेळ, त्यांनी स्वतः ‘जाऊ दे घराचं नाक’ असं म्हटलं. निघताना त्यांचे खिसे तेवढे तपास, कानस निघेल.

पाचवा ता. क. आणि समज, कवळी वेळेत नाही झाली, तरी ये. त्या दिवशी मलाही शिट्टीची बंदी, तुलाही जमायचं नाही, सहाशे मुलं रेघेवर वाकून उभी असतील, आणि शाळेच्या दोन्ही खेळशिक्षकांच्या मिळून तोंडात एकही कामाचा दात नाही. तू नुसतं ‘पळा’ म्हण. कुणी हसलं तर मी बघून घेईन. तू मला एका फटीवर अख्खं आयुष्य काढायला शिकवलंस, मावशी. तुझ्याकडे तर आता सगळीच फट आहे.

सहावा ता. क. (पाकिटाच्या मागे लिहितोय, कारण आत जागा नाही.) पाकिटाची चिकट कड जिभेने ओली करताना वरची एक टिकली सुटून तिथेच चिकटली. सुटलेला तुकडा डबीत जपून ठेवायचा असतो. ती मला काढून घेता आली असती. घेतली नाही. मंगळवारी येताना घेऊन ये.